तात्यांच्या जांभळाच्या वाइनचा पंचनामा

पोशीरचे येसाजीतात्या माथेरानच्या एका हॉटेलात एकतीस वर्षं वेटर होते. या काळात त्यांनी किती बाटल्यांची बुचं उघडली असतील याचा हिशेब नाही, पण स्वतः थेंबभरही घेतली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी होणाऱ्या बायकोने, म्हणजे जयवंताकाकींनी, निरोप पाठवून तशी अट घातली होती आणि तात्यांनी ती पाळली. त्यामुळे वाइन कशी ओतायची, ग्लास कुठे धरायचा, पाहुण्याने पहिला घोट घेतला की किती वेळ गप्प उभं राहायचं, हे सगळं त्यांना पाठ होतं. ती लागते कशी, एवढंच माहीत नव्हतं.

निवृत्त होऊन घरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ते बेचैन झाले. घरामागच्या जांभळीखाली रोज पाटीभर फळं पडून सडायची. हॉटेलात दर डिसेंबरला वसईच्या डिमेलोबाई उतरायला यायच्या. त्यांच्या घरी नाताळला जांभळाची वाइन करतात, हे तात्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. बाईंनी एकदा कागदी रुमालावर कृतीही लिहून दिली होती. तात्यांनी तो रुमाल पत्र्याच्या पेटीतून शोधून काढला.

खर्च असा काही नव्हताच. जांभळं घरची, पाण्याचा वीस लिटरचा जार घरचा. साखर आणली, कर्जतच्या बेकरीवाल्याकडून चिमूटभर यीस्ट मागून घेतलं. दोन दिवस हाताने जांभळं कुस्करून बिया काढल्या. हात कोपरापर्यंत जांभळे झाले ते आठवडाभर तसेच राहिले. एका लग्नात जेवायला बसले तेव्हा शेजारचा माणूस पत्रावळ घेऊन थोडा सरकला. जारच्या तोंडावर फुगा लावायचा असं रुमालावर लिहिलं होतं. फुगा मिळाला नाही म्हणून तात्यांनी डॉक्टरांचा रबरी हातमोजा लावला, एका बोटाला सुईने भोक पाडलं आणि जार गोठ्यात गवताच्या आड ठेवला.

तिसऱ्या दिवशी जयवंताकाकी गोवऱ्या आणायला गोठ्यात गेल्या, तर गवतामागून पाच बोटांचा फुगलेला पांढरा हात वर आलेला. मग बाहेर येऊन त्यांनी तात्यांना विचारलं, तो हात कसला. तात्यांना खोटं बोलता येत नसे, पण एकतीस वर्षांच्या नोकरीत अर्धवट उत्तर द्यायची कला साधली होती. जांभळं फुकट जात होती, म्हणून मुरत घातलीत, असं ते म्हणाले. काकींना वाटलं, लोणच्या-चटणीत घालायचा आंबट शिरका करताहेत.

इथे एक सांगायला हवं. जयवंताकाकी गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष होत्या. समितीने गावातले दोन अड्डे बंद पाडले होते. नियम असा की ज्याच्या घरी माल सापडेल, त्याच्याच दारात पंचनामा करून तो ओतून द्यायचा.

पाच आठवड्यांनी मोज्याची बोटं एकेक करून मिटली आणि हात खाली पडला. म्हणजे काम झालं. तात्यांनी रबरी नळीने वरचा नितळ रस हॉटेलातून आणलेल्या रिकाम्या बाटल्यांत उतरवला. अकरा बाटल्या भरल्या. उजेडात धरल्या की माणकासारख्या दिसत. आता ती चांगली झाली की नाही हे कोण सांगणार? तात्यांनी शेजारच्या पोपटला बोलावलं. पोपटला या बाबतीत गावात मान होता. त्याने ग्लासभर एका दमात रिचवली, थोडा वेळ वाट पाहिली आणि तोंड पाडून घरी गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तात्यांच्या दारूत काही दम नाही.

बातमी काकींपर्यंत आली तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी समितीच्या बायकांना त्यांनी स्वतःच सांगितलं, माल आमच्या घरात सापडलाय, दुपारी पंचनाम्याला या.

सहाजणी आल्या. ओसरीवर बाटल्या मांडल्या होत्या. सुनिता अंगणवाडीत शिकवत असल्याने वही तिच्याकडे. ती फार काटेकोर. तिने लिहायला घेतलं आणि थांबली. "हे दारू हाय का सरबत, ते लिवावं लागंल. न बघता मी काय पण लिवणार नाय."

सगळ्यांत वयस्क कोंडीआजीने बाटलीचा वास घेतला आणि वास तर बरा येतोय असं मत दिलं. शेवटी चमच्याने चाखून ठरवायचं, असा ठराव झाला.

चमचा हा शब्द ऐकून कोपऱ्यात मान खाली घालून उभे असलेले तात्या दुखावले. ते आत गेले, स्टीलचे ग्लास पुसून उजेडात धरून पाहिले, डाव्या हातावर स्वच्छ टॉवेल टाकला आणि बाहेर आले. प्रत्येकीच्या उजव्या बाजूने वाकून दोन बोटं वाइन ओतली. थेंब सांडू नये म्हणून शेवटी बाटलीला हलका पीळ दिला. बायकांना आयुष्यात कुणी असं काही वाढलं नव्हतं. त्या पदर सावरून ताठ बसल्या.

सुनिता म्हणाली, सरबत. कोंडीआजी म्हणाली, सरबत असं घशात गरम लागत नाय, खात्रीसाठी अजून वाईच दे. आणखी एकीला दोन्ही वाटलं. मतं जुळेनात म्हणून तात्या पुन्हा फिरले, आणि पुन्हा. तिसऱ्या फेरीला सुनिताने वही मिटली आणि सासूने तिच्या माहेरच्या पातेल्याचं काय केलं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. कोंडीआजी डोळे मिटून लग्नातलं गाणं गुणगुणत होती.

काकींनी मात्र ग्लासाला हात लावला नव्हता. त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमी केलंय ना? मग तुमीच सांगा काय हाय ते."

"मला काय ठावं," तात्या म्हणाले. "मी कुठं चाखलंय."

घरी केली, अकरा बाटल्या भरल्या, पोपटला पाजली, आणि करणाऱ्याने स्वतः अजून चाखली नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. काकींच्या डोक्यात आलं. ती अट कुणाची होती हेही आठवलं. त्यांनी तात्यांच्या हातावरचा टॉवेल काढून घेतला.

"बसा," त्या म्हणाल्या. "एकतीस वरसं उभं व्हता. आता माझ्याकडून सूट हाय, एक ग्लास."

तात्या अवघडून पाटावर बसले. काकींनी डाव्या बाजूने ओतली, ग्लास काठोकाठ भरला आणि थोडी लुगड्यावर सांडली. तात्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. त्यांनी घोट घेतला. पाहुणे अशा वेळी काय काय म्हणायचे ते सगळं त्यांना आठवत होतं, अगदी इंग्रजीसुद्धा. त्यातलं काहीच जिभेवर येईना. डोळे मात्र भरून आले.

"कसं हाय?" काकींनी विचारलं.

"तुरट हाय," तात्या म्हणाले. आणखी एक घोट घेऊन थांबले. "पण मागनं आपलं जांभूळ लागतंय गं."

मग काकींनीही त्यांच्याच ग्लासातून चाखलं आणि निर्णय दिला की ही दारूच आहे. सुनिताने तसं लिहिलं, ओळ थोडी तिरकी गेली. उरलेल्या बाटल्या काकींनी स्वतः जांभळीच्या बुंध्याशी ओतल्या. एक मात्र ठेवली. ज्या बाईने कृती दिली तिला तिचा वाटा जायला हवा, यावर कुणाचा आक्षेप नव्हता.

ती बाटली वसईला पोचली तेव्हा डिमेलोबाईंचा फोन आला. तात्यांनी तो उभं राहून घेतला. साखर जास्त झालीय, पण माझ्या पुतण्यापेक्षा बरी केलीस, असं बाईंनी सांगितलं. तात्या "थँक्यू मॅडम" म्हणाले आणि गावात ज्याला त्याला ते वाक्य ऐकवत राहिले. पोपटलाही ऐकवलं, पण त्याने मत बदललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जांभळं पाडाला आली तेव्हा कोंडीआजी सकाळीच डोंगरावरच्या वाडीतून खाली उतरली. औंदा पंचनामा कधी हाय, असं विचारत ती ओसरीवर बसली. काकींनी तिला चहा दिला. तात्या गोठ्यात जार धूत होते.