एका टेकची प्रार्थना

सिनेमा पुरा व्हायला वर्षं लागतात. किस्से मात्र पहिल्या दिवसापासून तयार! सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात शेवगावजवळच्या एका खेड्यात आमचं शूटिंग चालू होतं. गोष्ट एका ख्रिस्ती शाळामास्तराची, त्याच्या श्रद्धेची आणि घर सोडून गेलेल्या मुलाची. मी नुकताच बी. ए. होऊन दिग्दर्शकांचा मदतनीस झालो होतो. या सिनेमानं समाज हलणार याची मला खात्री होती. फक्त तो जरा भरभर व्हायला हवा होता!

* * *

पण आमचे दिग्दर्शक, दादा, यांना घाई ठाऊकच नव्हती. बैलगाडी माळाच्या या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही, असा त्यांचा हुकूम. पुन्हा गाडी वळवायला सांगितली तेव्हा गाडीवान म्हणाला, "दादा, बैलं दमली. तुमचा फोटू कवा दमनार?"

* * *

दुष्काळातल्या उपासनेचा सीन होता. गावातल्या बायांना जुनेरी नेसून यायला सांगितलं होतं. त्या आल्या लग्नातली लुगडी नेसून, केसांत अबोली माळून! मी वास्तववादावर छोटंसं भाषण ठोकलं. एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "दुष्काळ घरी ठिवलाय, लेकरा. देवाच्या दारात त्यो कशाला आनू?"

दादांनी सीन तसाच घेतला.

* * *

बापाचं काम करायला नट नव्हता. दादांनी गावातल्याच निवृत्त डॅनियल मास्तरांना उभं केलं. आणि आमचा कॅमेरामन सदा हा मास्तरांचा खरा मुलगा! चर्चचा पाळक व्हायचं सोडून तो सिनेमात गेला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. चार हातांवर उभे राहूनही सगळे निरोप माझ्यामार्फत.

"कॅमेरावाल्यांना विचारा, ते अजून वांगं खात नाहीत का?"

"मास्तरांना सांगा, खायला लागलोय."

आणि मास्तरांनी घरून आणलेल्या टोपलीतली भाजी माझ्याच हातानं पुढे सरकायची!

* * *

मला हे बघवेना. एकदा मी मास्तरांना म्हणालो, "अहो, देश स्वतंत्र होतोय! आता तरी मागचं विसरा."

मास्तर हसले. "देशाला किती वर्षं लागली? मग आम्हालाच घाई का?"

* * *

शेवटचा सीन होता जेवणाआधीच्या प्रार्थनेचा. कच्ची फिल्म संपत आलेली, एवढ्याच शॉटपुरती उरलेली. नवीन मिळण्याची आशा नव्हती. मी म्हणालो, "मास्तर, एकदा तालीम करू."

"प्रार्थनेची तालीम? म्हणजे देवाला दोनदा उठवायचं?"

झालं! तालमीशिवायच सुरुवात. सिनेमातला मुलगा ताटापुढे बसला. त्याचं नाव दावीद; प्रार्थनेत बापानं त्याच्यासाठी मागायचं होतं. सदानं जुन्या कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला घेतलं. मास्तरांनी डोळे मिटले. आधी शेतांसाठी मागितलं, मग गुरांसाठी, मग आजाऱ्यांसाठी. मी घड्याळाकडे बघत घामाघूम! दाविदाचं नाव काही येईना.

मग मास्तर थांबले. म्हणाले, "आणि बापा, माझ्या सदाला..."

कॅमेऱ्याचा आवाज बदलला. आत फिल्म उरली नव्हती. मास्तर पुढे बोलतच होते. सदाचा हात फिरतच होता.

दादा त्याच्या कानाशी वाकले. "सदा, फिल्म संपली. बंद कर."

सदानं मान हलवली. "थांबा दादा. बाबांचं अजून चाललंय."