गवती चहाचे कोंब

वर्गाच्या खिडकीबाहेर गवती चहाला पुन्हा कोंब आलेत. ते दिसले की माझी मान खाली जाते.

टाळेबंदीत सगळं बंद पडलं तेव्हा आम्हा ऊसतोड मजुरांना सरकारनं या शाळेत ठेवलं. चौथीत सुटलेली शाळा मला अशी परत भेटली, गावापासून इतकी लांब. दोन वेळची खिचडी मिळते, उपकारच आहेत. पण कामाशिवाय खाल्लेला घास घशाखाली उतरत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही बायकांनी कोयते काढले आणि अंगणातलं माजलेलं गवत कापलं, उसासारखं, पार जमिनीलगत. चहाचा वास आला, तोवर उशीर झाला होता. आमच्या हातांना थांबायची सवय नाही.

खिचडी करणाऱ्या मावशी धावत आल्या. "अगं बायांनो, गवती चहा होता गं तो! मी लावलेला!"

आता जेवण बंद होणार, असंच वाटलं मला. पण मावशींनी कापलेली पाती पदरात गोळा केली आणि सगळ्या छावणीला चहा पाजला. "प्या गं, आज तुमच्या कष्टाचा आहे."

बाकीच्या हसल्या. माझ्याच्यानं मान वर करवेना.

आता रोज सकाळी मी त्या कोंबांना पाणी घालते. मावशी बघतात.