ओढून पाहिलेलं कुलूप

समोरच्या मीनाताई दाराला कुलूप लावतात, दोन पायऱ्या उतरतात, परत येऊन कुलूप ओढून बघतात आणि मगच जातात. कुलपाबद्दल त्यांची काहीच तक्रार नसते.

आमची कंपनी लोकांच्या फायली क्लाउडवर ठेवते. फाइल पोचली की हिरवी खूण उमटते. तक्रारी नसल्या की ऑफिसात सगळे निर्धास्त असतात, मी नसतो. मीनाताई भाषांतरं करतात आणि आमचंच ॲप वापरतात. मागे एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "छान आहे हो, काही त्रास नाही." आणि समोर हिरवी खूण असताना तीच फाइल त्यांनी स्वतःला मेल केली.

माझ्या लेखी खरा अभिप्राय तो. एकदा अर्धीच फाइल पोचलेली पाहिली की माणूस भांडायला येत नाही, गुपचूप दुसरी प्रत ठेवायला लागतो. ती मेल थांबावी म्हणून आम्ही वर्षभर झटलो.

काल मी त्यांच्याकडे चहाला होतो. काम संपल्यावर त्यांनी हिरवी खूण पाहिली आणि लॅपटॉप सरळ मिटला. मेल नाही, काही नाही. मग आम्ही बाहेर पडलो. त्यांनी कुलूप लावलं, दोन पायऱ्या उतरल्या आणि परत वर गेल्या.

कुलूपवाल्यांना अजून बरंच काम आहे.