औसंगातेसाठी सहा माणसं

आयर्लंडमधल्या गॉलवेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला राहायला खोली सापडण्याआधी गुरुनाथचा फोन नंबर सापडायचा. मूळचा साताऱ्याचा, पुण्यात इंजिनियर झालेला आणि गेली वीस-बावीस वर्षं इथल्या एका वैद्यकीय उपकरणांच्या प्लँटमध्ये हृदयात घालायच्या बारीक नळ्या तपासणारा हा माणूस सगळ्यांचा गुरुदादा होता. इंद्रनील नोकरीसाठी इकडे निघाला तेव्हा त्याच्या आईने नागपूरहून ओळख ना पाळख, थेट गुरुनाथला फोन लावला होता, "आमच्या पोराकडे जरा लक्ष ठेवा हो." आपल्याकडे माणूस परगावी निघाला की तिथल्या कुणाच्या तरी कानावर हे घातल्याशिवाय घरच्यांना घास गोड लागत नाही. गुरुनाथनेही लक्ष ठेवलं. भाड्याची खोली, बँक, पोळ्यांसाठी चालणारं पीठ, सगळं बघून दिलं.

डोंगरावर मात्र हाच दादा जमदग्नी. उन्हाळ्यात तो सगळ्यांना क्रोक पॅट्रिक चढायला न्यायचा. पहिल्याच वर्षी इंद्रनील पांढरेशुभ्र पळायचे बूट घालून आला. गुरुनाथने बुटांकडे बघितलं आणि पायथ्याशीच सांगितलं, "गाडीत बसून राहा. डोंगरावर लाड नाहीत." पोरगं बिचारं दिवसभर गाडीत बसलं आणि सगळ्यांसाठी नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या एकट्याने संपवून त्याने सूड उगवला.

गुरुनाथच्या मनाच्या सगळ्यात जवळचा डोंगर मात्र त्याने कधी पाहिलेलाच नव्हता. कॉलेजात असताना एका जुन्या कॅलेंडरातून त्याने एक चित्र फाडून घेतलं होतं. पिवळट गवताचं माळरान, त्यावर चरणारे लोकरदार जनावरांचे कळप आणि मागे आभाळ अडवून उभा असलेला बर्फाचा औसंगाते. पेरू देशातला, अँडीज पर्वतातला. ते चित्र साताऱ्यातून पुण्याला, पुण्याहून गॉलवेला आलं आणि प्रत्येक घरात भिंतीवर लागलं. जाऊ पुढच्या वर्षी, मग मुलगी कौमुदी मोठी झाली की, मग प्लँटमधली ही नवी लाइन सुरू झाली की. डोंगर कुठे पळून जातोय, असं तो म्हणायचा. डोंगर खरंच पळून गेला नाही. पळायला लागले ते डोळे.

आधी तो संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यांना धडकायला लागला. मग एका पावसाळी संध्याकाळी गाडी कठड्याला घासली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि नीट समजावून सांगितलं. नजर कडेकडेने आक्रसत चालली आहे. अंधारातलं आधी जातं, मग दिवसाचंही जातं, आणि शेवटी नळीतून पाहिल्यासारखं उरतं. तेही किती दिवस, ते सांगता येत नाही. नळी हा शब्द ऐकून गुरुनाथ चक्क हसला. प्लँटमध्ये भिंगाखाली केसाएवढी चीर त्याला अजून अचूक दिसत होती, पायाशी ठेवलेली बादली दिसत नव्हती. त्याने गाडी सोडली आणि लोकांना सांगितलं, चालणं तब्येतीला बरं. खरं काय ते फक्त बायकोला, माधवीला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात त्याने पेरूतल्या कुस्को शहरातल्या एलियास नावाच्या वाटाड्याला गाठलं. एलियासची कंपनी म्हणजे तो, त्याचे दोन भाऊ, एक स्वयंपाकी आणि घोडी. औसंगातेला वळसा घालून जाणारी वाट तो आठवडाभरात करवून आणायचा. व्हिडिओवर त्याने विचारलं, "काही आजार? दम, हृदय, गुडघे?" गुरुनाथने छाती पुढे काढून सांगितलं, "काही नाही." डोळ्यांचं त्याने विचारलं नव्हतं, याने सांगितलं नाही. अट एकच होती. निदान सहा माणसं हवीत, नाहीतर घोडी, तंबू, स्वयंपाकी परवडत नाहीत आणि फेरी रद्द.

सहा माणसं? गुरुनाथला वाटलं, साठ मिळतील! निहारिकाच्या घरी सगळे जेवायला जमले होते तेव्हा त्याने विषय काढला, तर भाताच्या पातेल्यापासून दारापर्यंत सगळ्यांचे हात वर. "चलो औसंगाते" नावाचा ग्रुप निघाला, त्यात भराभर होकाराचे अंगठे उगवले. पण मराठी माणसाच्या ट्रेकला जायच्या शपथेसारखी पातळ वस्तू जगात नाही. त्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो 'बघू' म्हणतो. महिना गेला आणि गळती सुरू झाली. कुणाच्या आईवडिलांचा व्हिसा नेमका तेव्हाच आला, कुणाचा गुडघा बोलायला लागला. निहारिकाच्या घराचं काम निघालं. आशुतोष तर गुरुनाथचा सगळ्यात जवळचा मित्र, पण त्याची बायको अश्लेषा म्हणाली, "दादा, मुलीची आयरिश डान्सची कॉम्पिटिशन आहे ना, नेक्स्ट इयर शुअर करू." नेक्स्ट इयर! गुरुनाथने फोन ठेवला आणि भिंतीवरच्या चित्राकडे पाठ करून बसला.

शेवटी उरले तिघं. गुरुनाथ, जिना चढताना धापा टाकणारी पण हट्टाने नाव मागे न घेणारी माधवी आणि इंद्रनील. एलियासचा निरोप आला की शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर घोडी दुसऱ्या गटाला देतो.

"सांगून टाक ना त्यांना," माधवी म्हणाली. "एका मिनिटात तयार होतील सगळे."

"दयेने येतील."

"येऊ देत की. आले म्हणजे झालं."

"दयेने आलेला माणूस मला चालू देणार नाही, माधवी. हात धरून बसवून ठेवेल." आणि मग त्याचा आवाज फुटला. "पुढच्या वर्षी मला तो डोंगर दिसणार नाही गं. हे कुणाला कळत कसं नाही?"

कळणार कसं, सांगितल्याशिवाय? पण भीतीला तर्क नसतो. शुक्रवारपर्यंतच्या चार दिवसांत गुरुनाथने काय काय केलं! ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा मिंधेपणा पत्करला नाही, तो एकेकाला फोन करून गयावया करत होता. प्लँटमधल्या एका आयरिश सहकाऱ्यालाही त्याने विचारलं. "ग्रँड आयडिया, गुरू," म्हणून तो खांदा थोपटून चहा प्यायला निघून गेला. गुरुवारी संध्याकाळी भर पावसात चालत तो आशुतोषच्या दारात जाऊन उभा राहिला. दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि समोर पडलेली मुलीची स्कूटर त्याला दिसली नाही. तो पालथा पडला. लख्ख दिवा चालू होता.

"दादा, एवढी मोठी स्कूटर..." आशुतोष म्हणाला आणि मध्येच थांबला. त्याने गुरुनाथचा चेहरा पाहिला. मग तिथेच, चपलांच्या ढिगाशेजारी ओल्या कपड्यांनिशी बसून गुरुनाथने सगळं सांगितलं. लहान मुलासारखा रडला.

शुक्रवारी सकाळी सहा माणसं झाली होती. आशुतोष, अश्लेषा, निहारिका. घराचं काम थांबलं, डान्सची कॉम्पिटिशन आजी सांभाळणार. गुरुनाथला आनंदाने काय करू नि काय नको झालं. तो दर शनिवारी सगळ्यांना डोंगरावर पळवायला लागला. बुटांच्या नाड्या कशा बांधायच्या इथपासून उंचीवर पाणी किती प्यायचं इथपर्यंत त्याने सगळ्यांचे कान किटवले. त्याचं भाकीत मात्र खरं ठरलं. आशुतोष सारखा त्याचं कोपर धरायचा, अश्लेषा दर चार पावलांवर ओरडायची, "दादा, दगड!" गुरुनाथ खेकसायचा, "मी आंधळा झालेलो नाही अजून!" पण खेकसतानाही तो खूश होता. औसंगाते दिसणार होता, मग चार जणांनी कोपर धरलं तर बिघडलं काय?

आणि मग आशुतोषला घास गोड लागेना.

त्याने कुणाला न विचारता एलियासला ईमेल लिहिली. मनापासून, अगदी घरच्यासारखी. आमच्या गुरुदादांना संध्याकाळनंतर दिसत नाही, कडेचंही कमी दिसतं, ते स्वतः सांगणार नाहीत, मानी आहेत, तर त्यांच्याकडे जरा लक्ष ठेवा. जमलं तर एक शांत घोडं फक्त त्यांच्यासाठी ठेवा. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

दुसऱ्या दिवशी एलियासचा चेहरा स्क्रीनवर आला. तो रागावलेला नव्हता, रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, दुपारी खिंडीत गारा आणि वारा असतो, म्हणून आम्ही पहाटे अंधारात निघतो. वाट दोन पावलं मावतील एवढीच रुंद, एका बाजूला खाली बर्फाचं पाणी. "तुम्हाला मी नेऊ शकत नाही, सिन्योर. बाकीच्या पाच जणांना नेईन. सहा माणसांची अट तुमच्यासाठी सोडतो."

"मला दोरी बांधा," गुरुनाथ म्हणाला. "तुमच्या भावाच्या कमरेला बांधा. घोड्यावर बांधा."

"घसरलात तर माझा भाऊही जाईल."

"मग खिंड नको. पायथ्याशी सोडा मला. मी तिथे बसून राहीन."

"एकट्याला? त्या उंचीवर?" एलियासने नकारार्थी मान हलवली. "आणि तुम्ही मला सांगितलं नव्हतंत." स्क्रीन काळी झाल्यावरही गुरुनाथ बराच वेळ "ऐका, ऐका तरी," म्हणत राहिला. माधवीने लॅपटॉप मिटला तेव्हा कुठे थांबला.

संध्याकाळी सगळे सॉल्टहिलच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर जमले. उन्हाळ्याचा उजेड उतरत आला होता. आशुतोषचे डोळे सुजले होते. "दादा, मला वाटलं ते सांभाळतील तुम्हाला. आय स्वेअर, मला फक्त तेवढंच..."

"तुला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?" गुरुनाथ एवढ्या जोरात ओरडला की समोरून कुत्रं घेऊन येणाऱ्या बाई थबकल्या. "माझं शेवटचं होतं रे ते! शेवटचं!"

"कुणीच जायचं नाही मग," निहारिका म्हणाली. "कॅन्सल करू."

इंद्रनील खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, माझ्या आईने तुम्हाला फोन केला होता ना, आशुतोषने तेच केलं. आणि एक विचारू? रागावू नका. एलियासच्या जागी तुम्ही असतात, तर तुम्ही तुम्हाला नेलं असतंत? मला तर बुटांवरून गाडीत बसवलं होतंत."

गुरुनाथ चालायला लागला. रस्ता जिथे संपतो तिथल्या भिंतीला लाथ मारून परत फिरायचं, ही गॉलवेकरांची रीत. गुरुनाथ बावीस वर्षं न बघता लाथ मारत आला होता. आज त्याचा पाय हवेतच गेला, भिंत हातभर पुढे होती. माधवीने त्याला सावरलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, एक पाऊल पुढे टाकलं आणि हाताने चाचपून भिंतीला बुटाचं टोक लावलं.

"नसतं नेलं," तो म्हणाला.

मग वळून म्हणाला, "तुम्ही जा. माधवी, तूसुद्धा."

"तुला सोडून? मी नाही जात."

"मग चौघं जा. घोडी ठरलेली आहेत, त्यांचं नुकसान नको. पण एक ऐका. मला एकही फोटो पाठवायचा नाही. नाही बघवणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. परत निघाले. आशुतोषने कोपर धरलं तेव्हा गुरुनाथने या वेळी हात झटकला नाही. थोडं अंतर गेल्यावर तो थांबला आणि इंद्रनीलचा आवाज ज्या बाजूने येत होता तिकडे तोंड करून म्हणाला, "इंद्रनील, पाठव. सगळे पाठव. मोठे पाठव. परत आल्यावर नको, तिथूनच, रेंज मिळेल तिथून. मला उशीर नको करूस रे."