विजयाबेनचे स्त्रीगुण

आमच्या युनिटमध्ये दोन गोष्टी कितीही झाडून काढा, संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढ्याच साठतात: लेसचे तुकडे आणि किस्से. तुकडे कचऱ्यात जातात. किस्से मी या भिशीत घेऊन येते. त्यातल्या बहुतेकांत मूर्ख मीच असते, म्हणून तुम्हाला ते आवडतात, हेही मला माहीत आहे.

यंदाचंच घ्या. गोडादऱ्यात माझं साड्यांना लेस लावायचं युनिट. बायका बहुतेक आमच्या खानदेशातल्याच. गेल्या दिवाळीला सगळ्या गावी गेल्या आणि लाभपाचमला, म्हणजे सुरतेत धंदे पुन्हा उघडतात त्या दिवशी, निम्म्या आल्याच नाहीत. समोरच्या गल्लीत नवं युनिट निघालंय, तिकडे गेल्या. लग्नाचा सीझन माझ्या हातून गेला. यंदा पुन्हा तसं झालं असतं तर शटर पाडून घरी बसावं लागलं असतं. म्हणून मी सुधारायचं ठरवलं.

* * *

महिला उद्योजकांच्या शिबिराला गेले. विषय होता, धंद्यात स्त्रीगुण कसे आणायचे. ऐकून घेणं, समजून घेणं, सगळ्यांना बरोबर घेणं वगैरे. शिकवायला अर्थातच एक सर.

सर म्हणाले, "डोळे मिटा आणि आपल्या आतल्या आईला भेटा." नेमका तेव्हा लेसवाल्याचा फोन आला. मी डोळे मिटूनच घेतला. "आजच्या आज माल आला नाही ना, तर दुकानात येऊन बसेन तुझ्या!"

डोळे उघडले तर अख्खा हॉल माझ्याकडे बघतोय. सर फार गोड बोलायचे. म्हणाले, "ताई, तुमच्यातली आई जरा झोपलेली दिसते."

मी म्हटलं, "सर, माझी मुलंही म्हणतात, आई झोपलेली असते तेव्हाच घरात शांतता असते."

* * *

दुसऱ्या दिवशी युनिटमध्ये पाय ठेवला तोच मुळी हसून. मशिनी बंद करायला लावल्या आणि हळू आवाजात म्हटलं, "घाबरू नका. तुमच्या मनात जे असेल ते मला मोकळेपणाने सांगा. आपण एक कुटुंब आहोत."

जेवणाच्या सुट्टीनंतर मार्केटमधून माझ्या व्यापाऱ्याचा फोन. "बेन, युनिट वेचवाना छो? मला आधी सांगायचं ना!"

मी हळू बोलले म्हणजे युनिट विकायला काढलं, असा सगळ्यांनी अर्थ काढला होता. दुपारपर्यंत गल्लीत एक गिऱ्हाईकसुद्धा तयार झालं होतं. त्याने सांगितलेला भाव ऐकून क्षणभर माझंही मन डळमळलं.

* * *

मग ठरवलं, एकेकीला बाजूला घेऊन ऐकायचं. सुरुवात मंगलाताईंपासून. या आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या. त्या जिथे जातील तिथे बाकीच्या जातात, त्यामुळे त्या टिकल्या तर युनिट टिकलं.

चहा मागवला. म्हटलं, "ताई, आज मी फक्त ऐकणार. बोला."

त्या म्हणाल्या, "काय सांगू बेन, सासूबाई गेल्यापासून..."

"सासूबाईंचं नका सांगू मला," मी म्हटलं आणि माझ्या सासूबाई सुरू केल्या. लग्नातल्या मानापानापासून त्यांच्या मोतीबिंदूपर्यंत सगळं सांगितलं. मध्ये माझ्या डोळ्यांत पाणीही आलं. चहावर साय धरली. मंगलाताईंनी मला पदर दिला, पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "बेन, तुमले आते बरं वाटी ऱ्हायनं का?"

खरंच बरं वाटत होतं.

* * *

समजून घेण्याचंही केलं. ज्योती म्हणून एक मुलगी आहे, तिच्या बाळाला ताप आला. एरवी मी म्हटलं असतं, "एवढ्या साड्या संपव आणि जा." यंदा म्हटलं, "ताबडतोब घरी जा. कामाची काळजी करू नकोस."

आणि मग काळजी मी करायला लागले. ताप उतरला का? औषध दिलंस का? डॉक्टर कोण? तो डॉक्टर बरा नाही, दुसरा कर. थोड्या थोड्या वेळाने फोन.

तीन वाजता ज्योती मशिनीवर हजर. "अगं, बाळ?"

"आईजवळ ठेवलंय. आत्ताच झोपलंय बेन, आणि फोन वाजला की दचकून उठतं. म्हटलं, मी इथे तुमच्यासमोरच बसते."

* * *

हे सगळं मी रोज रात्री आमच्या ह्यांना सांगायचे. हे बँकेत आहेत. ऐकून घेतात, मध्ये बोलत नाहीत, शेवटी "हं" म्हणतात. एकदा मी वैतागून म्हटलं, "सरांनी सांगितलेले सगळे स्त्रीगुण तुमच्यातच आहेत."

हे म्हणाले, "हं."

* * *

आता लाभपाचम. भाऊबीजेला बारडोलीला भावाकडे गेले होते. तिथे उसाचा रस बर्फ घालून प्याले, एक ग्लास भावाचा, एक भावजयीच्या आग्रहाचा. घसा असा बसला की साधा 'ओ' निघेना. बायकांसाठी पाठ केलेलं गोड भाषण तसंच राहिलं.

मुहूर्ताला नारळ फोडला. सगळ्या आल्या, पण मशिनीवर कोणी बसेना. मंगलाताई पुढे आल्या. "बेन, तुमच्या तोंडावर सांगून जावं म्हणून आलो. आम्ही समोरच्या युनिटला लागतोय."

एरवी मी तिथेच आकाशपाताळ एक केलं असतं. तोंड उघडलं, आवाजच नाही. नुसती बघत राहिले.

मी मध्ये बोलत नाही म्हटल्यावर त्या थांबल्या नाहीत. "पगार तेवढाच आहे तिकडे. पण बाथरूमला आतून कडी आहे. इथली कधीची तुटलीय. एक आत गेली की दुसरी दार धरून उभी राहते. बाजूच्या कारखान्यातली पुरुषमाणसं बाहेर जिन्यातच असतात. नव्या पोरी तर दिवसभर पाणीच पीत नाहीत. तुम्हाला कितीदा सांगायला आलो. 'बाथरूमची' म्हटलं की तुम्ही म्हणता, फिनेल आणलंय, आणि फोन घेता."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. युनिट घरापासून दोन मिनिटांवर, मी आपली घरी जाऊन यायचे.

तशीच उठले. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही हातांनी खुणा करकरून कडी मागितली. सुताराला दंडाला धरून आणलं. तो ठोकत होता तोवर दारापाशी उभी राहिले. मग आत जाऊन कडी लावली, मंगलाताईंना बाहेरून दार ओढायला लावलं. नाही उघडलं.

बाहेर आले तर मशिनी सुरू झाल्या होत्या. मंगलाताई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत बेनने पहिल्यांदा आमचं पूर्ण ऐकून घेतलं."

घसा दुसऱ्या दिवशी सकाळीच सुटला. युनिटमध्ये हे अजून कोणाला माहीत नाही.