सांगणार अर्जुनराव

हिवरा आश्रमापासून थोडं आत असलेल्या त्या गावात कुणाची बकरी हरवली, तर माणूस आधी शिवारात जात नसे. आधी अर्जुनराव अवसरमोलांच्या दारात येई. अर्जुनराव अंगात शर्ट घालत, ऑटोच्या टपावरच्या भोंग्याची वायर जोडत, माइकवर दोनदा फुंकर मारत आणि मग विचारत, "शेवटी कोणं पाह्यली? कुठं? त्याचं नाव सांग पह्यले."

हे विचारल्याशिवाय त्यांनी तीस वर्षांत पुकारा केला नव्हता. आणि पुकाऱ्याच्या शेवटी ते नाव यायचंच. "पांढऱ्या कानाची बकरी, काल दुपारी नाल्यापाशी दिसली. सांगणार, चंद्रशेखर दूधवाला." रेशन आलं, सांगणार दुकानदार. उद्या पोलिओचा डोस, सांगणार आशाताई. मयत असली तरी सांगणार थोरला मुलगा.

याला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी, धंद्याच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं म्हणून त्यांनी एका जिवंत म्हाताऱ्याची मयत पुकारली होती. म्हातारा दवाखान्यातून स्वतःच्या पायांनी परत आला, तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार. त्याने तिरडीचा बांबू उपसला आणि अर्जुनरावांना नाल्यापर्यंत पळवलं. गाव महिनाभर हसलं. अर्जुनराव मात्र त्या दिवसापासून नाव विचारायला लागले.

आवाज खणखणीत, पण त्यात ओरडणं नव्हतं. लांबून कुणी हाक मारून घरचंच काही सांगावं, तसं ते बोलत. मेहकरच्या बाजारातल्या दुकानांच्या जाहिराती त्यांच्या आवाजात असत. देऊळघाटहून दर दोन महिन्यांनी मोटारसायकलवर येणारा युसूफ शेगडीवाला, त्याच्या छोट्या भोंग्यातही अर्जुनरावच बोलत: "गॅस शेगडी, मिक्सर, कुकर दुरुस्त करून मिळेल. घरासमोर, तुमच्या डोळ्यांदेखत."

पण त्यांचा स्वतःचा सगळ्यात आवडता पुकारा वेगळा होता. त्यांची धाकटी मयुरी अकरावीला मेहकरला जायला लागली, तेव्हा गावातून सकाळची गाडी नव्हती. मयुरीने आणि तिच्या मैत्रिणीने, गावातल्या शंकररावांच्या सारिकाने, घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, डेपोत चार खेटे घातले, आणि मुलींची निळी बस सुरू करून घेतली. त्या संध्याकाळी अर्जुनरावांनी गावाला तीन चकरा मारल्या. "उद्या सकाळी पावणेसातपासून मुलींची गाडी. सांगणार, मयुरी अर्जुन अवसरमोल." तिसऱ्या चकरेला त्यांची बायको अन्नपूर्णा दारात कमरेवर हात देऊन उभी राहिली. "झालं नं आता? का गाडीच्या टायराचं नावबी सांगता?"

अकरा मुली जायच्या. दीड वर्ष गाडी चुकली नाही.

मग निवडणूक लागली. एका दुपारी शौनक आला. मेहकरचा, तिशीतला, निवडणुकीला उभ्या असलेल्या भाऊंच्या प्रचाराचं काम बघणारा. बोलायला गोड. चहा घेतला, अन्नपूर्णाच्या हाताची तारीफ केली आणि मोबाइल पुढे केला. "काका, एवढं वाचून द्या. तुमच्या आवाजात पाहिजे."

अर्जुनरावांनी वाचलं. मुली पळवणारी टोळी तालुक्यात फिरते आहे. अनोळखी माणसाला गावात शिरू देऊ नका. मुलीबाळींना एकटं पाठवू नका. वेळ वाईट आहे. आपल्या घराची राखण फक्त भाऊच करू शकतात.

"कोणं पाह्यली टोळी?"

शौनक हसला. "काका, ही काही बकरी नाही."

"म्हणून तर इचारून राह्यलो. कोणत्या गावची पोरगी गेली? नाव सांगा."

"जाऊ नये म्हणूनच तर सांगायचं." शौनकने कप खाली ठेवला. आवाज तसाच गोड. "भोंग्याची परवानगी यंदा नव्याने घ्यावी लागणार म्हणतात. आणि ऑटोचे कागदही तपासणार आहेत. मी आहे म्हणा. पण मी तरी कुठे कुठे पुरणार?"

अर्जुनरावांनी अन्नपूर्णाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि वाचलं. एका दमात, स्वच्छ. शेवटी सवयीने थांबले. तोंडात शब्द आला होता, पुढे नाव नव्हतं.

"हा शेवटचा गॅप मी कापून टाकतो," शौनक म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो आवाज पाच गाड्यांवरून फिरायला लागला, आणि गाड्यांच्या आधी लोकांच्या मोबाइलवर. भाऊंचं भाषण कुणी मनावर घेतलं नसतं. पण हा रेशनचा आवाज होता, पोलिओच्या डोसाचा होता. तीस वर्षांत त्याने गावाला फसवलं नव्हतं. म्हणून सूर्य मावळायच्या आत दारं लागू लागली. विहारातल्या अभ्यासिकेला सहा वाजता कुलूप पडायला लागलं.

पाचव्या दिवशी युसूफ आला. वेशीवर पोरांनी त्याला अडवलं, आधार कार्ड मागितलं, पिशवी उलटी केली. तो म्हणाला, "अरे, पंधरा साल से आता हूँ, अन्नपूर्णाताईचा कुकर मीच तं..." कुणी ऐकलं नाही. कानशील सुजलं, दुरुस्तीचे पाने आणि बर्नर नाल्यात गेले. आणि आडव्या पडलेल्या मोटारसायकलवरचा भोंगा बोलतच होता: "घरासमोर, तुमच्या डोळ्यांदेखत."

अर्जुनराव पोचले तेव्हा युसूफ नाल्यात उतरून एकेक पाना शोधत होता. तेही उतरले. दोघं चिखलात हात घालून शोधत राहिले. जाताना युसूफ एवढंच म्हणाला, "तुमची कॅसेट काढून टाकतो दादा. त्या आवाजाले मीच भेऊन राह्यलो आता."

त्याच आठवड्यात बसमधल्या मुली अकराच्या सात झाल्या, मग चार. सारिकाही यायची थांबली, तेव्हा अर्जुनराव शंकररावांकडे गेले.

"काऊन रोकलं बे पोरीले?"

शंकरराव चकित झाले. "आता गंमत करता का भाऊ? तुमीच तं सांगतलं."

"अन् मी माह्या पोरीले पाठवून राह्यलो, ते नाई दिसत?"

"तुमची हिंमत मोठी. माही नाई." शंकरराव पुढे झुकले. "काऊन, खोटं हाय का ते?"

एका शब्दाचं उत्तर होतं. ओसरीवर आणखी दोघं बसले होते, त्यातल्या एकाच्या खिशाला भाऊंचा बिल्ला होता. अर्जुनराव म्हणाले, "तसं नाई. पण..." आणि उठून आले.

घरी मयुरीने तेच विचारलं. "खरं हाय का बाबा?"

"नाई."

"मंग तसं सांगा नं भोंग्यावर. कंडक्टर म्हणते, चार पोरींसाठी गाडी किती दिवस येईन? किती पोरी बसतात त्याचा कागद महिनाअखेरीले डेपोत पाठवतात ते. आमची परीक्षा फेब्रुवारीत हाय."

"मतदान होऊ दे बाई. आठच दिवस राह्यले."

मयुरी त्यांच्याकडे बघत राहिली. "गावच्या विहिरीचं पाणी पिऊन आजी मेली, तवा सरपंच नको म्हणत होता तरी तुमी पुकारलं, विहिरीचं पाणी खराब हाय म्हणून. तवा नाई भेले तुमी."

 तेव्हा अर्जुनरावांना पोरीच्या कॉलेजची काळजी नव्हती, ऑटो नव्हता, सायकलला बांधलेला भोंगा होता. गमवायला जवळ काही आलं की माणूस भ्यायला लागतो, हे त्यांना कळत होतं. पण ते पोरीला कसं सांगणार? ते आठ दिवस त्यांनी ऑटो झाकून ठेवला.

मतदान झालं. दुसऱ्याच सकाळी त्यांनी वायर जोडली. अन्नपूर्णा म्हणाली, "जपून बोला." मग स्वतःच म्हणाली, "नाई, जपून नका बोलू."

"ऐका हो ऐका. मुली पळवणारी टोळी कोणीच पाह्यली नाई. तालुक्यातून एकही पोरगी गेली नाई, मी ठाण्यात जाऊन इचारलं. माह्या आवाजात जे ऐकलं ते खोटं होतं, अन् मले माहीत होतं. भेऊन बोललो. पोरींले गाडीत पाठवा. सांगणार, अर्जुनराव अवसरमोल."

चौकात पत्ते खेळणाऱ्यांनी माना वर केल्या. एक जण हसून म्हणाला, "मतं पडली, आता आवाज पलटला. या खेपेले कोणाचं वाचून राह्यले हो काका?" दुसरा म्हणाला, "धमकावलं असंन बिचाऱ्याले. म्हणजे टोळी खरीच हाय." एका म्हातारीने नातीचा हात धरून तिला आत ओढलं. टोळी नाही हे सांगायला भोंगा लागतो, म्हणजे काहीतरी असणारच.

सोमवारी पावणेसातला अर्जुनराव मयुरीबरोबर थांब्यावर उभे राहिले. ती एकटीच होती. सव्वासात झाले. दुधाची गाडी गेली, विटांचा ट्रॅक्टर गेला. निळी बस आली नाही; त्यानंतर आलीच नाही.

"चाल, मी सोडतो तुले ऑटोनं," अर्जुनराव म्हणाले. "रोज सोडत जाईन."

"मी जाईन बाबा," मयुरी म्हणाली. "बाकीच्या दहा जणींचं काय?"

तेव्हापासून ऑटो रोज साडेसहाला निघतो. मेहकरच्या रस्त्याला लागण्याआधी तो दहा दारांशी थांबतो, सगळ्यात शेवटी सारिकाच्या. मोठ्याने बोलायची गरज नसते, पण अर्जुनराव माइक तोंडाजवळ धरतात. "गाडी निघाली. रस्ता मोकळा हाय, मी आत्ताच पाहून आलो. मांगं जागा हाय. सांगणार, अर्जुनराव."

सारिकाच्या घरात भांड्यांचा आवाज थांबतो. खिडकीचा पडदा जरासा हलतो, त्यामागे सारिका असते, हे मयुरीला माहीत आहे. ती मागच्या सीटवर एका कडेला सरकून बसते. दोन मिनिटं जातात. मग अर्जुनराव माइक खाली ठेवतात आणि गाडी सुरू करतात.