गेनबानं बटण कवा दाबलं

प्रभावतीबाई म्हंजी कासारवाडीच्या धोंडीबा मोल्डरची लेक. बाप फौंड्रीत वाळूचं साचं करत, खोकत म्हातारा झाला, पण पोरीला डिप्लोमा करवला. एक्क्याऐंशी साली ती आमच्या पिंपरीच्या कंपनीत आली. भट्टीवर नवा कॉम्प्युटर बसला, त्याचे प्रोग्राम तिनंच लिवलं.

आन् त्यो कॉम्प्युटर अडायचा की राव! आठ-पंधरा दिसांनी कवातरी भट्टीचं दार अर्ध्यात, माल आत न्हेणारी ट्रॉली रुळावर, दोनी गप. आत मालाचं वाटोळं. ऑपरेटर मी, गेनबा. सायब म्हणलं, "गेनबा घाईनं बटण दाबतो." चोर सोडून संन्याशाला सुळी! दोन मेमो झालं. तिसरा आला की गेटाभाईर, चौदा वर्सांची नोकरी पाण्यात.

बाईनं मला ईचारलं, "दादा, बटण कधी दाबता?"

"हिरवा दिवा लागल्यावर."

"मग झालं," म्हणली. तिनं प्रोग्रामची हर पायरी प्रिंटरवर छापायला लावली. बारा दिस प्रिंटर कटकटला, पण भट्टी एकदाबी अडली न्हाई! सायब हसलं, "बघा, पाळत ठेवली की गेनबा सरळ वागतो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाई म्हणली, "दादा, छापायला वेळ लागतो. त्यानं प्रोग्राम हळू चालतात, म्हणून चूक लपते."

मग तिनं ते छापणं बंद केलं. दाराची, ट्रॉलीची, माझ्या बटणाची, जी गोष्ट घडंल तिचा मेमरीत निस्ता एक आकडा ठेवायचा, घडंल त्या क्रमानं; त्याला येळच लागत न्हाई. भट्टी अडली तरच कागद काढायचा.

नवव्या दिशी अडली. माझा तिसरा मेमो टाइप होऊन आला. बाई कागद घिऊन सायबाफुडं हुबी ऱ्हायली आन् वळीवर बोट ठिवून वाचाया लागली.

"हा हिरवा दिवा. हे गेनबादादांचं बटण, दिव्यानंतरच. आता पुढे बघा. दार आणि ट्रॉली, दोघांचे प्रोग्राम एकाच वेळी चालतात. ट्रॉलीनं रूळ धरला आणि दार मागितलं. तेवढ्यात दाराच्या प्रोग्रामनं दार धरलं होतं, तो रूळ मागत बसला. दोघंही थांबले."

मला तवा उमगलं. दोन हट्टी जावा, एकीच्या हातात पोळपाट, दुसरीच्या लाटणं. सोडंना कुणीच, मंग पोळी कशी व्हायची?

"मग चूक कुणाची?" सायबानं ईचारलं.

"माझी. दोन्ही प्रोग्राम मी लिहिलेत. दोघांनी आधी रूळच मागायचा, असं ठरवायला हवं होतं. मेमो माझ्या नावानं काढा."

सायबांनी माझा मेमो फाडला, तिचाबी काढला न्हाई. चौदा वर्सांत कुण्या शिकल्याल्या माणसानं माझ्यादेखत "माझी चूक" म्हणल्यालं मी ऐकलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

बाई म्हणली, "अहो, रडताय काय? दोन दिवसांत दुरुस्त करते. भट्टी तुम्हीच लावायची."